'डू' : एका इंग्रजी क्रियापदाची हजार वर्षे



आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून काही जणांना आश्चर्य वाटले असेल. इतिहासाच्या व्याख्यानमालेत राजे येतात, लढाया येतात, तह येतात. त्यात हे क्रियापद कुठून आले? पण शब्दांनाही इतिहास असतो, आणि तो जुन्या लिखाणातून बऱ्याच काटेकोरपणे शोधता येतो. आज आपण इंग्रजीतल्या 'डू' या क्रियापदाचा इतिहास पाहणार आहोत. इंग्रजीत दोन अक्षरे, मराठीत तर एकच. पण त्या एका अक्षरात बरंच काही दडलेलं आहे.

हा विषय घेण्यामागे आमचा एक हेतू आहे, तो आधीच सांगून टाकतो. वर्गात एखादा मुलगा 'आय डिड नॉट वेन्ट' म्हणतो आणि बाकीची मुले हसतात. मुलाखतीत कोणी 'ही डोन्ट स्पीक' म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक बारीकशी आठी उमटते, आणि त्या माणसाचे सगळे ज्ञान, सगळी मेहनत क्षणात बाजूला पडते. मराठी शाळेतून आलेली कितीतरी हुशार मुले अशा एका हशानंतर पुन्हा इंग्रजीत तोंड उघडत नाहीत. हा हशा बहुतेक वेळा 'डू', 'डझ', 'डिड' यांच्याच आसपास होतो, हे शिकवणाऱ्यांना चांगले माहीत आहे. तर ज्या नियमापायी हे सगळे घडते, तो नियम आला कुठून? किती जुना आहे? आणि तो केला कोणी? एवढे तीन प्रश्न आपण आज घेऊ.

सुरुवात घराजवळून करू. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी एक व्याख्यान दिले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंमध्ये आणि व्याकरणात इतके साम्य आहे की त्या एकाच मूळ भाषेतून आल्या असल्या पाहिजेत, असे त्यांनी मांडले. इंग्रजी ज्या कुळातली आहे ते जर्मानिक कूळही त्याच घराण्यातले असावे, असा तर्कही त्यांनी केला. पुढच्या शतकात भाषापंडितांनी हे नाते पायरीपायरीने सिद्ध केले. त्या हिशेबात 'डू'चा संस्कृत भाऊ कोण, तर 'कृ' नव्हे. अर्थावरून आपल्याला तसं वाटेल, पण नाही. तो आहे 'धा', म्हणजे ठेवणे.

आता हा 'धा' आपल्या रोजच्या बोलण्यात किती आहे बघा. विधान, निधी, विधी, समाधान, श्रद्धा, हे सगळे 'धा'पासून झालेले. 'हित' हेही त्याचेच रूप आहे, म्हणून 'पुरोहित' म्हणजे पुढे ठेवलेला, पुढे केलेला. आणि गंमत म्हणजे क्रियापदाच्या मुळाला आपण जो शब्द वापरतो, 'धातू', तोही 'धा'पासूनच. त्याच मूळ धातूपासून लॅटिनमध्ये 'करणे' या अर्थाचे क्रियापद झाले, आणि त्यातून पुढे 'फॅक्ट' आणि 'फॅक्टरी' आले. सुरतेच्या वखारीला इंग्रज 'फॅक्टरी' म्हणत, ती हीच. ग्रीकमधून 'थीम' आणि 'थीसिस' आले. थोडक्यात, पुरोहित, फॅक्टरी आणि 'डू' हे एकमेकांचे लांबचे नातलग आहेत.

इंग्रजीत 'ठेवणे' हा जुना अर्थ पूर्ण पुसला गेला नाही. अंगावर कपडा चढवणे याला 'डॉन' म्हणतात आणि टोपी काढणे याला 'डॉफ'. ही दोन्ही क्रियापदे म्हणजे 'डू ऑन' आणि 'डू ऑफ' यांचा संक्षेप आहे. अंगावर ठेवणे, अंगावरून दूर ठेवणे.

आता एक पायरी पुढे जाऊ. इंग्रजीत भूतकाळ करताना क्रियापदाला 'एड' लावतात. 'लव्ह'चे 'लव्हड', 'वॉक'चे 'वॉक्ड'. हा शेवटचा 'ड' कुठला? अनेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते तो 'डिड'च आहे. फार पूर्वी, इंग्रजी आणि जर्मन वेगळ्या होण्याच्याही आधी, मूळ शब्दाला 'केले' असे जोडून भूतकाळ बनवण्याची पद्धत पडली आणि ते 'केले' झिजत झिजत एका अक्षरावर आले. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबलचे गॉथिक भाषेत भाषांतर केले. त्या गॉथिकमध्ये अनेकवचनी भूतकाळाची रूपे इतकी लांब आहेत की त्यात 'डिड'चा आकार अजून ओळखू येतो. म्हणजे आज इंग्रजीत मदतनीस म्हणून उभा असलेला 'डू' एकदा आधीही मदतीला आला होता, आणि काम करता करता शेपटीएवढा उरला होता.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे नवव्या शतकात आल्फ्रेड राजाच्या वेळी, हे क्रियापद 'डोन' असे होते. त्याची कामे तीन-चार होती. ठेवणे, करणे, करवणे, आणि दुसऱ्या क्रियापदाच्या जागी उभे राहणे. 'तो बोलतो, तसाच मीही' असे म्हणताना पुन्हा 'बोलतो' न म्हणता 'डू' म्हणायचे, हे शेवटचे काम ते आजही करते. पण प्रश्नात आणि नकारात 'डू' नव्हता. मुळीच नव्हता.

मग प्रश्न कसा विचारत? क्रियापद उचलून पुढे ठेवत. 'स्पीक यू इंग्लिश?' अशा धर्तीवर. आपल्यापैकी ज्यांनी जर्मन शिकले आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. जर्मनमध्ये आजही प्रश्न असाच होतो. आणि नकार? क्रियापदाच्या आधी 'ने' हा छोटा शब्द यायचा. आपल्या जुन्या मराठीसारखेच हे. 1290 च्या ज्ञानेश्वरीत 'न जाणे' यासाठी 'नेणे' असे रूप भेटते, आणि 'जाणता-नेणता' ही जोडी आपण अजून वापरतो. इंग्रजीत त्या 'ने'चा एक अवशेष 'विली-निली' या जोडशब्दात राहिला आहे. इच्छा असो वा नसो, असा त्याचा मूळ अर्थ.

पुढे हा 'ने' उच्चारात दुबळा झाला. त्याला जोर यावा म्हणून क्रियापदाच्या मागे 'नॉट' जोडू लागले. 'नॉट' म्हणजे मुळात 'काहीही नाही'. काही काळ दोन्ही राहिले, मग 'ने' गळला आणि नुसते 'आय स्पीक नॉट' उरले. नकाराचे हे चक्र अनेक भाषांत दिसते. डेन्मार्कचे ओटो येस्पर्सन यांनी 1917 साली त्यावर पुस्तक लिहिले, म्हणून त्याला त्यांचेच नाव पडले आहे. इथपर्यंत 'डू'चा पत्ता नाही.

तो दिसू लागतो तेराव्या शतकात, इंग्लंडच्या नैऋत्य भागातल्या पद्यलेखनात. साध्या विधानात, काहीच गरज नसताना, क्रियापदाच्या आधी 'डू' किंवा 'डिड' येऊ लागतो. का? यावर सर्वांत मोठा अभ्यास स्वीडनच्या आल्वार एलेगोर्ड यांनी 1953 साली प्रसिद्ध केला. 1390 ते 1710 या काळातले इंग्रजी लिखाण घेऊन त्यांनी 'डू' असलेली आणि नसलेली वाक्ये अक्षरशः मोजली. संगणकाचे युग सुरू होण्याआधीचे हे काम आहे, हे लक्षात घ्या.

त्यांचे उत्तर मराठी माणसाला चटकन पटेल असे आहे. आपण म्हणतो, 'शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला.' खरे म्हणजे बांधला पाथरवटांनी आणि गवंड्यांनी. महाराजांनी बांधवून घेतला. पण आपण सरळ 'बांधला' म्हणतो आणि कोणाचा गोंधळ होत नाही. त्या काळच्या इंग्रजीत 'राजा डिड बिल्ड' याचा अर्थ होता, राजाने बांधवले. पण ऐकणाऱ्याला 'बांधले' आणि 'बांधवले' यातला फरक अशा वाक्यात जाणवेना. हळूहळू 'डिड'मधला 'करवणे' हा अर्थ उडून गेला आणि नुसता रिकामा 'डिड' राहिला. कवींना तो सोयीचा, कारण मूळ क्रियापद ओळीच्या शेवटी नेऊन यमक जुळवता येते.

दुसरे एक मत आहे. वेल्श आणि कॉर्निश या ब्रिटनच्या जुन्या केल्टिक भाषांमध्ये 'करणे' हे क्रियापद मदतनीस म्हणून वापरले जाते. ते लोक इंग्रजी बोलू लागले तेव्हा आपली सवय घेऊन आले, असे काही अभ्यासक म्हणतात. अमेरिकेचे जॉन मॅकवॉर्टर यांनी 2008 साली एका पुस्तकातून हे मत जोरात मांडले. विरोधकांचे म्हणणे असे की, दोन्ही लोक पाचव्या-सहाव्या शतकापासून शेजारी राहत होते, मग हा प्रकार लिखाणात यायला तेरावे शतक का उजाडले? शिवाय जर्मनच्या बोलींतही असा 'करणे' आहेच, आणि तिथे केल्टिकचा संबंध लावता येत नाही. यावर उत्तर असे की, गरिबांची बोली लिखाणात नेहमी उशिराच येते. हा वाद मिटलेला नाही, आणि आपणही तो इथे मिटवू नये.

पण पुढे काय झाले, याबद्दल वाद नाही. रिकामा झालेला हा 'डू' हळूहळू कामाला लागला. त्या सुमारास 'कॅन', 'मे', 'विल' ही सहायक क्रियापदे वेगळी पडून आपली स्वतंत्र जागा घेत होती. त्या जागेवर प्रश्नाच्या वेळी कर्त्याच्या पुढे जायची सोय होती आणि 'नॉट'ही तिथेच चिकटत होता. बाकीची क्रियापदे मात्र आता जागची हलेनाशी झाली. इंग्रजीतले विभक्तीचे प्रत्यय बहुतेक गळले होते, त्यामुळे कोण कर्ता आणि कोण कर्म हे शब्दांच्या क्रमावरूनच कळायचे. तो क्रम मोडणे परवडेना. मग प्रश्न विचारायचा तर पुढे पाठवायचे कोणाला? रिकामा 'डू' होताच हाताशी. तो पुढे गेला.

एलेगोर्ड यांच्या आकड्यांत हे स्पष्ट दिसते. नकारार्थी प्रश्नात 'डू' सर्वांत आधी रुजला, मग साध्या प्रश्नात, मग नकारार्थी विधानात. साध्या होकारार्थी विधानात तो सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर शेकडा दहाच्या आसपास चढला आणि मग उतरत गेला. 'जाणणे', 'शंका घेणे', 'पर्वा करणे' अशा काही क्रियापदांनी मात्र जुनी रीत बराच काळ सोडली नाही. जे शब्द रोज तोंडी असतात, ते जुने कपडे लवकर टाकत नाहीत.

म्हणजे शेक्सपिअरच्या काळात, 1600 च्या आगेमागे, इंग्रजीत दोन्ही रिती शेजारीशेजारी नांदत होत्या. एकाच नाटकात 'स्पीक यू' आणि 'डू यू स्पीक' या दोन्ही धर्तीची वाक्ये सापडतात. 1611 च्या इंग्रजी बायबलात 'एट' पुरेसे असताना 'डिड ईट' अशी रूपे जागोजागी आहेत. आजच्या परीक्षकापुढे ती पाने ठेवली तर तांबडी शाई पुरायची नाही!

इथे आपल्या मातीशी जुळणारा एक दुवा आहे. 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडच्या विल्टशायरचे. जन्म 1549 चा, गोव्यात आले 1579 साली, आणि त्यांचे मराठी पुराण छापले गेले 1616 मध्ये, म्हणजे शेक्सपिअर वारला त्याच वर्षी. ज्या काळात आणि इंग्लंडच्या ज्या बाजूला 'डू'ची ही उलथापालथ चालू होती, तिथेच हा माणूस वाढला. त्यांच्या कानावर दोन्ही रिती पडल्याच असणार. ज्या मराठीत त्यांनी हजारो ओव्या रचल्या, ती शिकताना त्यांना कोणी हसले असेल का? कोण जाणे.

मग नियम केला कोणी? आपल्याला वाटते, कुठेतरी पंडितांची सभा बसली असेल. तसे काही झाले नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सामान्य लोकांच्या बोलण्यातूनच आजची घडी जवळजवळ बसली होती. व्याकरणकार आले नंतर. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या कोशात साध्या विधानातल्या फालतू 'डू'ला वाईट वळण ठरवले. 1762 साली बिशप रॉबर्ट लाउथ यांनी व्याकरण लिहिले, त्यात जोर देण्यासाठी येणारा 'डू' आणि प्रश्न-नकारातला 'डू' अशी मांडणी केली. म्हणजे रस्ता लोकांनी चालून चालून पाडला, आणि पंडितांनी नंतर येऊन पाटी लावली.

आणि पाटी लावताना कोण वगळले गेले, तेही पाहू. डॉर्सेट आणि सॉमरसेटच्या खेड्यांत साध्या विधानातला 'डू' नंतरही टिकून राहिला. रोजच्या सवयीचे काम सांगायला तो वापरत. आयर्लंडच्या इंग्रजीत 'डू बी' असे रूप आजही आहे. 'ही डोन्ट' हे तर अठराव्या शतकात चांगल्या शिकल्यासवरलेल्या इंग्रजांच्या तोंडी होते. पुढे शाळांनी ते अडाणीपणाचे लक्षण ठरवले. म्हणजे आपल्या ज्या मुलाला आपण 'ही डोन्ट'साठी हसतो, तो एखाद्या जुन्या इंग्रज सरदाराच्या बैठकीत बिनदिक्कत खपला असता.

आता आजच्या वापराकडे येऊ. 'हाऊ डू यू डू' यात दोन 'डू' आहेत. पहिला नुसता मदतनीस, दुसऱ्याचा अर्थ 'कसे चालले आहे' असा. 'दॅट विल डू' म्हणजे आपले 'चालेल'. इंग्रज तिथे 'करतो' आणि आपण 'चालवून घेतो'. 'व्हॉट डझ ही डू?' हा प्रश्न मात्र आपल्याकडे जसाच्या तसा आहे. लग्न ठरवताना 'मुलगा काय करतो?' म्हणून विचारतात, तेव्हा उत्तर 'जेवतो, झोपतो' असे कोणी देत नाही. दोन्ही भाषांत 'करणे' म्हणजे पोटाचा उद्योग. आणि लग्नाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, सिनेमात वधूवर 'आय डू' म्हणतात ती अमेरिकी रीत. इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात त्या जागी 'आय विल' आहे.

बदल अजून थांबलेला नाही. जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'हॅव यू अ पेन?' असे वाक्य असायचे. तर्खडकरी वळणाच्या पुस्तकांवर वाढलेल्या पिढीला ते पाठ. आज सगळीकडे 'डू यू हॅव' चालते. 'बी' हे क्रियापद मात्र अजून ऐकत नाही. त्याचा प्रश्न 'डू'शिवायच होतो, पण 'डोन्ट बी लेट' म्हणताना त्यालाही 'डू'चा हात धरावा लागतो.

शेवटी मराठीकडे येऊ, कारण मुलांना उपयोगी पडेल ते इथे आहे. आपल्याकडे बाहेरून शब्द आला की आपण त्याला 'करणे' जोडतो. फारसीच्या काळात अर्ज करणे, मंजूर करणे, जप्त करणे, खर्च करणे आले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. पण नाम कुठलेही घ्या, मागचे 'करणे' ते 'करणे'च. इंग्रजी आली तेव्हा फोन करणे, फोन झाल्यावर डाऊनलोड करणे. काळ, लिंग, वचन, सगळे ओझे 'करणे' वाहते आणि पाहुणा शब्द मोकळा राहतो. 'फोन केला', 'फोन करतो', 'फोन करीन'. यात 'फोन' बदलतो का? नाही बदलत.

'डिड'चा नियम हाच आहे. काळाचे ओझे 'डिड'ने उचलले, आता 'गो' मोकळा. त्याला 'वेन्ट' करून पुन्हा ओझे द्यायचे नाही. एवढीच गोष्ट. 'डझ'ने 'स' घेतला, म्हणून 'स्पीक'ला 'स' नको. ज्या मुलाला 'फोन केला' नीट म्हणता येते, त्याच्या डोक्यात हा नियम आधीपासून आहे. तो फक्त दाखवून द्यावा लागतो, आणि तो हसून दाखवता येत नाही.

आमच्या बोलण्याचा अर्थ नियम पाळू नका असा कोणी घेऊ नये. भाषा वापरायची तर आज तिचे जे चलन आहे त्यातच व्यवहार करावा लागतो. जुने नाणे कितीही अस्सल असले तरी दुकानदार घेत नाही. नियम शिकवावा, घोटून घ्यावा, दहा वेळा चुकला तर अकराव्यांदा सांगावा. पण शिकवणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की हा नियम आकाशातून पडलेला नाही. शेतकऱ्यांनी, गवंड्यांनी, यमक जुळवणाऱ्या कवींनी, कदाचित परक्या भाषेतून आलेल्या गरीब माणसांनीही तो चुकतमाकत, काही शतके घेऊन घडवला. त्यांना तीन-चारशे वर्षे लागली. आपल्या पाचवीतल्या मुलाला निदान एक वर्ष तरी न हसता देऊ या.